तबकड्यांच्या नादी लागण्याआधी

रेकॉर्ड ऐकायच्या असं मनात आलं की बहुतेक जण आधी दोन-चार रेकॉर्डी घेऊन मोकळे होतात, मग प्लेयर शोधतात आणि सगळ्यात शेवटी त्यांच्या लक्षात येतं की घरातल्या स्पीकरला तो प्लेयर जोडताच येत नाही. हा क्रमच उलटा आहे. आधी कान, मग यंत्र, मग जागा आणि मग रेकॉर्डी. हा लेखही त्याच क्रमानं जातो.

एक गैरसमज सुरुवातीलाच बाजूला ठेवू. रेकॉर्डचा आवाज सगळ्यात शुद्ध असतो, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतील. मोजायला गेलं तर ते टिकत नाही. सीडीवर अगदी हळू आवाज आणि अगदी मोठा आवाज यांत ९६ डेसिबलपर्यंत अंतर राखता येतं. एलपीवर, म्हणजे एका बाजूवर वीसेक मिनिटं मावणाऱ्या मोठ्या रेकॉर्डवर, ते साधारण ६०-७० डेसिबलच्या घरात येतं. शिवाय खरखर आहे, धूळ आहे, दर वेळी होणारी थोडी झीज आहे. शुद्धतेसाठी या वाटेला येणार असाल तर फोनवरच ऐका आणि वाचलेल्या पैशांत चांगला हेडफोन घ्या.

मग रेकॉर्ड कशासाठी? ज्यांचं मन गाण्यात रमतं, चित्रात रमतं आणि अमुक साली कुणी काय केलं होतं या गप्पांतही रमतं, त्यांना ही तिन्ही एकाच वस्तूत मिळतात. वीसेक मिनिटांची एक बाजू, कुणीतरी विचार करून लावलेला गाण्यांचा क्रम, एक फूट लांब-रुंद चित्र आणि मागे बारीक अक्षरांत त्या काळाची सगळी खबरबात. बाजू संपली की उठून ती उलटावी लागते, त्यामुळे ऐकता ऐकता भलतीकडेच निघून जाणं जरा अवघड होतं.

आधी महिनाभर नुसतं ऐका

या पायरीला काही खर्च नाही, म्हणूनच लोक ती गाळतात. महिनाभर फोनवर किंवा संगणकावर अख्खे अल्बम ऐका. गाणी पुढे-मागे करायची नाहीत, शफल बंद. एका वहीत अल्बमचं नाव आणि तारीख लिहून ठेवा. पुन्हा ऐकलात तर पुढे आणखी एक तारीख. महिना संपला की ज्यांच्यापुढे तीन-चार तारखा आहेत, ती तुमची खरी यादी. आपल्याला जे आवडतं असं वाटत असतं आणि आपण ज्याकडे पुन्हा पुन्हा वळतो, त्यांत बरंच अंतर निघतं. पहिल्या वर्षाची खरेदी या यादीतूनच करा, कारण रेकॉर्डींच्या दुकानात उभं राहिलं की सगळंच हवंहवंसं वाटतं.

तीन वेग, दोन जातींच्या सुया

तबकड्या दिसायला सारख्या असल्या तरी सगळ्या एका यंत्रावर चालत नाहीत. जुन्या ७८ वेगाच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकड्या लाखेच्या मिश्रणाच्या. हाताला जड लागतात आणि पडल्या की फुटतात. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावायची. नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जानचं गाणं मुद्रित झालं तेव्हा तासभर रंगणारी गायकी तिला तेवढ्यात बसवावी लागली, आणि शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत उच्चारायलाही वेळ राखावा लागला. मूळ मुद्रणं तबकड्या छापायला जर्मनीतल्या हानोवरला जायची आणि तिथल्या कामगारांना कुठलं गाणं कुणाचं हे त्या घोषणेवरून कळायचं.

कोलंबियानं जून १९४८ मध्ये एलपी आणली. बारा इंच व्यास, मिनिटाला ३३⅓ फेरे, व्हिनाइलचा लवचिक पदार्थ, सुई जिच्यातून चालते ती खाच बारीक आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरनं सात इंची, ४५ वेगाची छोटी तबकडी काढली. एकेका लोकप्रिय गाण्याचा सगळा व्यवहार पुढे याच छोटीवर चालला. लांब बाजूचा फायदा रागसंगीताला किती झाला ते १९५५ साली न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झालेल्या अली अकबर खाँच्या एलपीवर ऐकू येतं. तिच्या सुरुवातीला व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन श्रोत्यांना वाद्यांची ओळख करून देतात, आणि मग सरोदला घाई नसते. स्टिरिओ एलपी बाजारात आल्या त्या १९५०च्या दशकाच्या अखेरीस.

नवख्या माणसानं यातून घ्यायचं ते एवढंच: ७८च्या खाचा रुंद असतात, त्यांना साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते. एलपी आणि ४५ला त्याच्या पाव आकाराची सुई पुरते. कुणी जुन्या ७८च्या तबकड्यांचा गठ्ठा ‘घेऊन जा’ म्हणून पुढे केला तर आधी आपला प्लेयर त्या वेगानं फिरतो का आणि तशी सुई मिळते का ते बघा. जुन्या मोनो एलपी मात्र आजच्या स्टिरिओ सुईवर बिनधास्त लावाव्यात.

यंत्र

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

सूटकेससारखा दिसणारा, स्पीकर पोटातच असलेला प्लेयर घेऊ नका. माझं यावर ठाम मत आहे आणि त्याचं कारण दिसण्याशी संबंधित नाही. अशा बऱ्याच यंत्रांत सिरॅमिक कार्ट्रिज (सुई जिला बसवलेली असते ती छोटी डबी) असतं आणि सुई पाच ग्रॅम किंवा त्याहून जास्त भारानं खाचेवर टेकते. चांगल्या कार्ट्रिजला दीड ते दोन ग्रॅम पुरतात. भार कमी-जास्त करायची सोय नाही, आणि स्पीकर त्याच खोक्यात असल्यानं त्याची थरथर थेट सुईपर्यंत पोचते. एकदा लावून तबकडी खराब होते असं नाही, पण आवडती रेकॉर्ड पुन्हा पुन्हा लावायची असेल तर झीज होणारच, आणि आवडती रेकॉर्ड पुन्हा पुन्हाच लावली जाते.

मग काय बघायचं? टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीच्या, मागच्या टोकाला फिरवता येणारं वजन हवं. सुई किंवा अख्खं कार्ट्रिज बदलता यायला हवं. अँटी-स्केटिंगची सोय हवी, कारण तबकडी फिरत असताना आर्म आतल्या बाजूला ओढला जातो आणि सुईचा भार खाचेच्या एका भिंतीवर जास्त पडतो. फिरणारी थाळी जरा वजनदार असावी. एवढं असलं की बाकीची चमकधमक नसली तरी चालतं.

पट्ट्यावर चालणारा घ्यावा की थेट मोटरवर फिरणारा, हा वाद तासन्‌तास चालतो. घरी ऐकण्यापुरतं म्हणाल तर दोन्ही चांगले. पट्टा मोटरची थरथर शोषून घेतो, पण काही वर्षांनी सैल पडतो आणि बदलावा लागतो. थेट मोटरवाला चटकन वेग पकडतो आणि हातानं थाळी थांबवली, मागे ओढली तरी मोटरवर ताण येत नाही. टेक्निक्सनं १९७२ साली काढलेला एसएल-१२०० मुळात घरात ऐकण्यासाठी होता. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये ऑगस्ट १९७३ मधल्या एका पार्टीत डीजे कूल हर्क नाचणाऱ्यांसाठी गाण्यातला नुसता तालाचा तुकडा लांबवायला लागला, पुढे त्यानं आणि इतरांनी एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती शेजारी-शेजारी लावून ते तंत्र पक्कं केलं. थेट मोटरचे प्लेयर मग या मंडळींनी असे काही उचलले की टर्नटेबल हे वाजवायचं वाद्य झालं. तुमचा ओढा हिप-हॉपकडे असेल आणि कधीतरी हात साफ करून बघायचा असेल, तरच हा मुद्दा निर्णायक समजा.

आता फोनो प्रीअँप. बहुतेक नवखे इथेच अडतात. रेकॉर्ड कोरताना खर्ज मुद्दाम कमी करतात आणि वरचे स्वर वाढवतात. खर्ज जसाच्या तसा कोरला तर खाच एवढी रुंद हेलकावे खाईल की एका बाजूवर फारसं काही मावणारच नाही. वरचे स्वर वाढवून कोरले की ऐकताना ते पुन्हा खाली आणता येतात आणि त्यांच्याबरोबर खरखरही खाली येते. आरआयएए या अमेरिकन संघटनेनं १९५४ साली या चढ-उताराचं प्रमाण ठरवून दिलं. तेच प्रमाण उलटं लावायचं आणि कार्ट्रिजमधून येणारा काही मिलिव्होल्टचा क्षीण संकेत मोठा करायचा, ही दोन्ही कामं फोनो प्रीअँप करतो. तो नसेल तर आवाज बारीक, कोरडा आणि खर्जाविना येतो. दोनदा लागला, म्हणजे प्लेयरमधलाही चालू आणि अँप्लिफायरमधलाही, तर आवाज फाटतो आणि नुसता घुमतो.

म्हणून विकत घेण्याआधी कागदावर साखळी काढा: प्लेयर, फोनो प्रीअँप, अँप्लिफायर, स्पीकर. प्रत्येक काम कुठल्या खोक्यात होणार आहे ते लिहा. काही प्लेयरमध्ये प्रीअँप आतच असतो आणि मागे ‘फोनो’ आणि ‘लाइन’ असा खटका असतो. काही स्पीकरमध्ये अँप्लिफायर आत असतो. चारही कामं कुठे ना कुठे, आणि एकदाच, झाली पाहिजेत. ब्लूटूथनंही आवाज स्पीकरपर्यंत जातो आणि वाईट येत नाही. पण त्या वाटेनं रेकॉर्डचा आवाज आधी डिजिटल होतो, मग आकुंचन पावतो आणि मग तुमच्यापर्यंत येतो. एवढा खटाटोप करून शेवटी ते का करायचं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

पैसे कमी असतील तर स्पीकरवर जास्त घाला आणि प्लेयर साधा घ्या. जुना प्लेयर घेत असाल तर तो चालवून बघा: वेग स्थिर आहे का, आर्म हलक्या हातानं आत-बाहेर अडखळत नाही ना, दोन्ही बाजूंनी आवाज येतो का. सुई मात्र जुनी आहे असंच गृहीत धरा आणि नवी बसवा. हिऱ्याची सुई साधारण ५०० ते १,००० तास टिकते, आधीच्या मालकानं ती किती तास वापरली हे त्यालाही आठवत नसतं. झिजलेली सुई चांगल्या रेकॉर्डीही खराब करते.

मांडणी आणि शेजारी

शहरातल्या फ्लॅटमध्ये दोन अडचणी येतात: जमीन हलते आणि भिंतीपलीकडे माणसं राहतात.

प्लेयर आणि स्पीकर एकाच टेबलावर ठेवू नका. स्पीकरचा खर्ज टेबलातून सुईपर्यंत जातो, सुई तो उचलते, अँप्लिफायर तो मोठा करतो आणि थोड्याच वेळात खोलीभर घुमारा होतो. कुणी चाललं की सुई उडत असेल तर प्लेयर भिंतीत ठोकलेल्या भक्कम फळीवर न्या. वॉशिंग मशीनची भिंत टाळा. नंतर स्पिरिट लेव्हलनं थाळी दोन्ही दिशांनी समतल आहे का ते बघा. हे काम दोन मिनिटांचं आहे आणि त्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

मग आर्मचं वजन. सुईचं झाकण काढा, अँटी-स्केटिंग शून्यावर ठेवा. आर्म मोकळा सोडून मागचं वजन हळूहळू फिरवा, आर्म तराजूच्या दांडीसारखा हवेत आडवा तरंगेपर्यंत. या वेळी सुई कशालाही लागता कामा नये. आर्म त्याच्या खुंटीवर परत अडकवा. आता वजन न हलवता त्याच्या पुढची आकड्यांची चकती तेवढी फिरवून शून्यावर आणा. त्यानंतर वजन आणि चकती एकत्र फिरवून कार्ट्रिजच्या कागदावर दिलेल्या ग्रॅमवर न्या. अँटी-स्केटिंगही त्याच आकड्यावर. भार कमी ठेवला की रेकॉर्ड कमी झिजेल असं वाटतं, पण होतं नेमकं उलट: हलकी सुई खाचेत धड बसत नाही, उसळते आणि भिंतींवर आपटते. दिलेल्या मर्यादेच्या मध्यापेक्षा किंचित वर ठेवलेलं बरं.

कार्ट्रिज कोनात नीट बसलंय का ते तपासायला छापील प्रोट्रॅक्टर मिळतो. प्लेयर कारखान्यातून बसवून आला असेल तर पहिल्या दिवशी याच्या मागे लागू नका.

शेजाऱ्यांना त्रास होतो तो बहुधा खर्जाचा. शब्द त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत, धडधड पोचते. स्पीकर जमिनीवर न ठेवता स्टँडवर ठेवा, खोलीच्या कोपऱ्यातून बाहेर काढा, खाली रबराच्या किंवा फोमच्या जाड चकत्या द्या. रात्रीसाठी हेडफोन.

जुनी रेकॉर्ड हातात घेतल्यावर

आता कुठे खरेदी. नव्या छापलेल्या रेकॉर्डींबद्दल सांगण्यासारखं कमी आहे: उघडा, वाकडी असेल तर परत करा. १८० ग्रॅमची जाड तबकडी हाताला छान लागते आणि कमी वाकते, पण केवळ जाडीमुळे आवाज सुधारत नाही. खाच तेवढ्याच खोलीची असते. मूळ ध्वनिमुद्रणातून ती कुणी आणि कशी कोरली, यावर बरंच काही ठरतं.

जुन्यांचं तसं नाही. तबकडी कडांना आणि मधल्या लेबलला धरून बाहेर काढा. खाचांना बोट लावायचं नाही. खिडकीच्या किंवा दिव्याच्या एकाच झोताखाली ती तिरपी धरा आणि हळूहळू फिरवा. पसरट उजेडात सगळ्याच रेकॉर्डी छान दिसतात. केसासारख्या बारीक रेघा बहुधा ऐकू येत नाहीत. जी रेघ खाचांना आडवी जाते आणि खोल दिसते ती प्रत्येक फेऱ्याला टक्‌ करणार, म्हणजे ३३⅓च्या वेगानं दर १.८ सेकंदाला एकदा. खाचांना समांतर जाणारी खोल रेघ सगळ्यात वाईट, तिथे पिन अडकते.

भोकाभोवती लेबलवर खूप रेघोट्या दिसल्या तर ती रेकॉर्ड पुष्कळदा लावली गेलीय असं समजा. तबकडी एरवी स्वच्छ असूनही मोठ्या आवाजाचे भाग राखाडी, निस्तेज दिसत असतील तर जड सुईनं खाच खाल्लीय. हा दोष धुऊन जात नाही. मग ती डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून वाकलीय का बघा. आणि हो, आत तीच रेकॉर्ड आहे ना? कव्हर एकाचं आणि तबकडी दुसरीच, हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं.

स्थिती सांगायची एक ठरलेली भाषा आहे, ती बऱ्याच अंशी ‘गोल्डमाइन’ या संग्राहकांच्या मासिकानं रूढ केली. मिंट, नीअर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड, गुड, आणि खाली फेअर, पुअर. नवखा फसतो तो ‘गुड’ला. या मोजपट्टीत ‘गुड’ म्हणजे खरखर गाण्यावर चढते. ऐकायला म्हणून घेताना व्हेरी गुड प्लसच्या खाली फारसं जाऊ नका, जर ती रेकॉर्ड दुसरीकडे मिळतच नसेल तर गोष्ट वेगळी. कव्हर आणि तबकडी यांची श्रेणी वेगवेगळी सांगतात, दोन्ही विचारा.

शेवटच्या गाण्यानंतर लेबलपर्यंत जो रिकामा गुळगुळीत पट्टा असतो तो उजेडात बघा. तिथे आकडे-अक्षरं कोरलेली दिसतील. कुठल्या मूळ साच्यावरून ही प्रत निघाली ते त्यावरून कळतं, आणि कधी कोरणाऱ्याची सहीसुद्धा सापडते. अमेरिकेतल्या रॉबर्ट लुडविगच्या ‘आरएल’ या आद्याक्षरांसाठी लोक रेकॉर्डींचे ढीग उपसतात. इंग्लंडचा जॉर्ज पेकम ‘अ पोर्की प्राइम कट’ असं कोरून ठेवायचा. हे आकडे डिस्कॉग्ज या रेकॉर्डींच्या ऑनलाइन सूचीवर टाकले की आपल्या हातातली छपाई कुठल्या देशातली, कुठल्या सालची ते बहुधा सापडतं. केव्हिन लेवांडोव्स्की यानं २००० साली सुरू केलेली ही सूची वापरणाऱ्यांनीच भरत भरत प्रचंड केली आहे. पहिल्या छपाईच्या मागे धावण्याचं व्यसन इथूनच लागतं. ते लागू देऊ नका असं मी म्हणणार नाही, पण पहिल्या वर्षी तरी चांगल्या स्थितीतली साधी पुनर्छपाई आणि खरडलेली दुर्मीळ पहिली प्रत यांत पुनर्छपाई घ्या.

आणखी एक तांत्रिक गोष्ट, जी ऐकताना उपयोगी पडते. तबकडीचे फेरे सारखेच राहतात, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलजवळ २० सेंटिमीटरच्या आसपास. तेवढ्याच आवाजाला आत जागा कमी मिळते, म्हणून बाजूच्या शेवटच्या गाण्यात ‘स’ आणि ‘श’ फिसफिसतात. प्लेयर बिघडला असं समजून घाबरू नका. लंबगोलाकार टोकाची सुई लावली की हे बरंच कमी होतं. जुने निर्माते हे जाणून होते. बाजूच्या शेवटी ते बऱ्याचदा एखादं शांत गाणं ठेवायचे.

कव्हर वाचायचं असतं

माझ्या मते या छंदाचा अर्धा जीव इथे आहे.

अलेक्स स्टाइनवाइस हा तरुण चित्रकार कोलंबियात येईपर्यंत तबकड्या करड्या-तपकिरी पाकिटांत विकल्या जायच्या. त्यानं १९४० साली पहिलं चित्रमय कव्हर केलं आणि दुकानातल्या फळीचं रूप पालटलं. पुढे ब्लू नोट या जॅझ कंपनीत फ्रान्सिस वुल्फची छायाचित्रं आणि रीड माइल्सची अक्षररचना एकत्र आली. पैसे बेताचे, म्हणून बऱ्याचदा काळा आणि एखादाच रंग. माणसाचा चेहरा अर्धा कापलेला, अक्षरं कडेपर्यंत गेलेली. माइल्सला स्वतःला जॅझची फारशी आवड नव्हती, तरी जॅझ कसं दिसतं हे जगाला त्यानंच शिकवलं. १९६७ मध्ये अँडी वॉरहॉलनं व्हेल्वेट अंडरग्राउंडच्या पहिल्या अल्बमवर सोलता येणारं केळं चिकटवलं. न सोललेल्या प्रती आज संग्राहक जिवापाड जपतात. दुसऱ्याच वर्षी पॉप-आर्टवाल्या रिचर्ड हॅमिल्टननं बीटल्सला कोरं पांढरं कव्हर दिलं आणि लाखांनी छापल्या जाणाऱ्या वस्तूवर मर्यादित आवृत्तीसारखा क्रमांक टाकून सगळ्यांची फिरकी घेतली.

हे सगळं पाठ करायची गरज नाही. सवय मात्र लावून घ्या. पहिली बाजू लागली की कव्हर हातात घ्या आणि मागचा मजकूर वाचा. बासवर कोण, तबल्यावर कोण, मुद्रण कुणी केलं, चित्र कुणाचं, कुठल्या साली. त्यातलं एक नाव वहीत उतरवा आणि पुढची रेकॉर्ड त्या नावामागे जाऊन शोधा. मुख्य गायकाच्या मागे गेलं की त्याच्याच आणखी रेकॉर्डी मिळतात; ड्रमरच्या मागे गेलं तर तुम्ही कधी ऐकलाच नसता असा अल्बम हाती लागतो. चित्रकाराच्या मागे गेलं तर तर विचारूच नका, त्याचा माग पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर आणि सिनेमाच्या पोस्टरांवर निघतो. चित्रप्रदर्शनाला जाणं, जुनी मासिकं चाळणं आणि रेकॉर्डी ऐकणं हे वेगवेगळे छंद आहेत असं ज्यांना वाटतं त्यांनी हा प्रयोग दोन-तीन महिने करून बघावा.

कव्हर भिंतीवर लावायचं असेल तर जरूर लावा, पण ऊन येत नाही अशा भिंतीवर. लाल आणि पिवळे रंग फार लवकर उडतात.

धूळ, पाणी, फळी

एलपीच्या एका बाजूची खाच सरळ केली तर जवळजवळ अर्धा किलोमीटर भरते, आणि सुई ती सगळी चालून जाते. वाटेत धूळ असेल तर ती ऐकू येणारच. दर वेळी लावण्याआधी कार्बन फायबरचा ब्रश फिरत्या तबकडीवर दोन-तीन फेरे अलगद धरा आणि कडेकडे ओढून घ्या. सुई मागून पुढे पुसा, उलट दिशेनं कधीच नाही.

जुनी रेकॉर्ड एकदा धुऊनच लावा. डिस्टिल्ड वॉटर, त्यात द्रव साबणाचे एक-दोन थेंब, मऊ कापड, खाचांच्या दिशेनं गोल पुसायचं आणि मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं पुन्हा. नळाचं पाणी वाळलं की क्षार खाचेत राहतात. लेबल भिजू देऊ नका. काही जण पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालतात, व्हिनाइलला ते चालतं. लाखेच्या ७८ला मात्र अल्कोहोलचा थेंबही नको, ती विरघळायला लागते.

ठेवताना नेहमी उभ्या ठेवा. आडव्या रचल्या की खालच्यांवर भार येतो. फार तिरप्याही नकोत, कालांतरानं वाकतात. आतलं कागदी पाकीट बदलून आतून गुळगुळीत अस्तर असलेलं घ्या. बाहेरच्या पारदर्शक पिशव्या पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिनच्या असाव्यात. मऊ पीव्हीसीच्या पिशवीतून निघणारं रसायन वर्षानुवर्षांत तबकडीवर धुरकट डाग पाडतं. ऊन आणि बंद गाडी यांपासून लांब. आणि फळी घेताना वजनाचा विचार करा: शंभर एलपी कव्हरांसकट पंचवीसेक किलो भरतात. पुस्तकांची लांब, पातळ फळी मधून झुकते; ३३ सेंटिमीटरचे चौकोनी कप्पे चांगले. एकात साधारण सत्तर मावतात.

कप्पा भरला की

सुरुवातीला एकच कप्पा ठेवा. तो भरला की नवी आणण्याआधी एक जुनी बाहेर. वहीतल्या तारखा इथे पुन्हा कामाला येतात: वर्षभरात एकदाही लागली नाही ती बाहेर काढायला काहीच हरकत नाही. छोट्या घरात हा नियम जागेसाठी आवश्यक असतो. मोठ्या घरातही मी तो पाळायला सांगेन, कारण न ऐकलेल्या रेकॉर्डींची रांग लागली की ऐकण्याची मजा जाते आणि ते गृहपाठासारखं वाटायला लागतं.

बाहेर काढलेली रेकॉर्ड मित्राला द्या, अदलाबदल करा किंवा विका. विकताना स्थिती आपल्याला वाटते त्यापेक्षा एक पायरी खालची सांगा. दोन्ही बाजू पूर्ण ऐकून बघा आणि कुठल्या गाण्यावर टक्‌ होतं तेही लिहा. कुरियरनं पाठवत असाल तर तबकडी कव्हरच्या आत ठेवू नका. वाटेत खोकं आपटलं की तबकडीची कड कव्हरची शिवण फाडते. आतल्या पाकिटासह ती बाहेर काढून कव्हरच्या मागे ठेवा, दोन्ही एका पिशवीत घाला, दोन्हीकडून जाड पुठ्ठा लावा. मोठ्या कंपन्यांनाही हे अनुभवानंच शिकावं लागलं. रोलिंग स्टोन्सच्या १९७१च्या एका अल्बमच्या कव्हरवर खरीखुरी झिप होती. गठ्ठ्यात रचल्यावर ती वरच्या रेकॉर्डच्या खाचांत रुतायची. शेवटी झिप अर्धी उघडून पाठवायला सुरुवात केली, म्हणजे दाब पडायचा तो मधल्या लेबलवर.